चिठ्ठीत प्रश्न लिहा : व्यसनमुक्तीच्या कामात दुसऱ्या जाणकाराचा सल्ला कसा घेतात

‘फॉर एक्स्पर्ट ओपिनियन अँड नीडफुल’, म्हणजे तज्ज्ञाचं मत द्या आणि लागेल ते करा. तालुक्याच्या दवाखान्यातून बेळगावला, बेळगावातून धारवाडला, नाहीतर सरळ मिरजेला निघालेल्या पेशंटच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एवढंच असतं. वर नाव, वय, ‘क्रॉनिक अल्कोहोलिक’ हे दोन शब्द, खाली सही-शिक्का. पुढच्या डॉक्टरला नेमकं काय विचारलंय, ते त्या कागदावरून कुणालाच सांगता येणार नाही. मग तोही सगळं पहिल्यापासून विचारतो, रक्त तपासायला पाठवतो, गोळ्या लिहितो आणि पेशंटला वाटेला लावतो. त्या गोळ्या कशासाठी आणि किती दिवस, हे परत खाली कळवायचं त्याला सुचत नाही, कारण खालून कुणी विचारलेलंच नसतं.

व्यसनमुक्तीचा समुपदेशक, ज्याला गावात ‘काउन्सेलिंगवाले’ म्हणतात, तो डॉक्टर नसतो. तो गोळी लिहून देत नाही आणि आजाराचं निदानही करत नाही. त्याचं काम बोलण्याचं, ऐकण्याचं, घरच्यांना सोबत घेण्याचं आणि माणूस पुन्हा घसरला तर पुन्हा उभं करण्याचं. पण व्यसन शरीरात, घरात, कामावर, कधीकधी पोलीस ठाण्यातसुद्धा पसरलेलं असतं. त्यामुळे असे प्रश्न येतच राहतात की ज्यांचं उत्तर समुपदेशकाजवळ नसतं आणि त्यानं ते अंदाजानं देऊही नये. ते कुणाला, कसे आणि किती घाईनं विचारायचे, हे या कामातलं निम्मं कौशल्य आहे. घरच्यांनाही हे माहीत असलेलं बरं. चिठ्ठी शेवटी त्यांच्याच पिशवीत असते.

आधी एक गल्लत दूर करू. पेशंट पूर्णपणे दुसऱ्याच्या हवाली केला, तर ते रेफर करणं. पेशंट आपल्याकडेच ठेवून एका मुद्द्यापुरतं दुसऱ्याचं मत घेतलं, तर तो सल्ला. आणि आपण पेशंटशी कसं वागतोय, कुठं अडकतोय, याबद्दल अनुभवी समुपदेशकाशी ठरलेल्या वेळी बसून बोललो, तर ती सुपरव्हिजन. आमच्याकडे पहिलं सर्रास होतं, तिसरं क्वचित, आणि मधलं तर बऱ्याच जणांना कमीपणाचं वाटतं. ‘विचारलं तर पेशंट म्हणणार, ह्यांना काय येतंय?’ माझा अनुभव उलट आहे. ‘हे मी डॉक्टरांना विचारून सांगते’ असं म्हटलं की घरचे निर्धास्त होतात.

माळ घातली, आणि तिसरी रात्र

समजा, खानापूर तालुक्यातला पंचेचाळिशीचा एक गवंडी. काम गोव्यात, पंधरवड्याला घरी. दारू रोजची. सकाळी हाताची थरथर थांबावी म्हणून उठल्या उठल्या पहिला घोट. आषाढीला गावातल्या बुवांच्या हातून माळ घातली आणि त्या दिवसापासून दारू बंद. घरात आनंद. तिसऱ्या रात्री बायकोचा फोन येतो : ‘म्याडम, सोमवारपासनं थेंब घेतला नाही ओ. पण भिंतीवर किडं दिसूल्यात म्हणतोय. मला बी ओळखीना. बाहेरचं काय लागलंय काय?’

बाहेरचं काही नाही. दारू मेंदूला दाबून धरते. वर्षानुवर्षं दाबला गेलेला मेंदू तो दाब धरूनच जास्त जोरानं चालायला शिकतो. दाब एकदम निघाला की नुसता जोर उरतो. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, उलट्या, झोप उडणं सुरू होतं. फिट यायची असेल तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. पुढे ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, ताप चढतो, माणसं ओळखू येत नाहीत, नसलेले किडे आणि साप दिसतात. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस यात दगावतो. गावात या रात्री देवऋषीला बोलावणं गेलं आणि पहाट उजाडली, तर अंगाऱ्यापेक्षा महाग पडतं.

इथं सल्ला म्हणजे पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट नव्हे. गाडी काढायची, रात्री डॉक्टर आणि खाट दोन्ही मिळतील अशा जवळच्या दवाखान्यात न्यायचं, आणि पेशंट वाटेत असतानाच ड्यूटीवरच्या डॉक्टरला फोन करायचा. फोनवर समुपदेशक एवढंच सांगतो : ‘शेवटची दारू रविवारी रात्री नऊला. रोज दोन क्वार्टर, सुट्टीला तीन. तीन वर्षांपूर्वी दारू तोडल्यावर एकदा फिट आली होती. आठवडाभर नीट जेवण नाही. आत्ता वार आणि गाव सांगता येत नाही, अंग तापलंय.’ या पाच वाक्यांनी डॉक्टरचा अर्धा तास वाचतो.

त्यातलं जेवणाचं वाक्य साधं वाटतं, पण सगळ्यांत मोलाचं तेच आहे. दवाखान्यात पोचल्यावर घरच्यांची पहिली मागणी असते, ‘सलाईन लावा.’ बरेच दिवस दारूवर राहिलेल्या, उपाशी माणसाच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं. अशा वेळी थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं, तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडून मेंदूला इजा होऊ शकते. डोळे नीट फिरत नाहीत, तोल जातो, शुद्ध हरपते. याचं नाव वर्निके एन्सेफलोपथी. डॉक्टरला हे माहीत असतं, ते त्याला शिकवायला जायचं नाही. पण ‘आठवडाभर जेवलेला नाही’ हे त्याला कोण सांगणार? बायको लाजेपोटी म्हणते, ‘जेवतोय की थोडं थोडं.’ ती खरी माहिती समुपदेशकाजवळ असते, कारण त्याच्यापाशी ती आधी मोकळं बोललेली असते.

या गोष्टीत एक सल्लामसलत मात्र माळेच्या आधीच व्हायला हवी होती, तीही बुवांशी. माळेला माझा अजिबात विरोध नाही. माळेनं दारू सुटलेली माणसं सीमाभागातल्या प्रत्येक गावात दाखवता येतील. कीर्तनकार बुवांना माणूस जितका मानतो तितका डॉक्टरला मानत नाही, आणि समुपदेशकाला तर त्याहून नाही. म्हणूनच बुवांना आधी भेटून ठेवावं. ‘सकाळी पहिला घोट घेतल्याशिवाय ज्याला दात घासता येत नाहीत, पूर्वी सोडताना ज्याला फिट आलीय, असा कुणी माळेला आला तर आधी डॉक्टरकडे धाडा, मग माळ घाला.’ एवढं बोलणं चहाच्या एका कपात होतं. श्रीक्षेत्र धर्मस्थळच्या ग्रामविकास योजनेतर्फे कर्नाटकात गावोगावी मद्यवर्जन शिबिरं भरतात. तिथल्या कार्यकर्त्यांशीही बोलायचं ते हेच.

बिडी सुटली, गोळी जड झाली

काही बिघडलं की सल्ला घ्यायचा, असं आपण धरून चालतो. पण कधीकधी सगळं चांगलं घडलं म्हणूनही फोन करावा लागतो, आणि हे नवीन समुपदेशकांच्या लक्षातच येत नाही.

निपाणी पट्ट्यातलं उदाहरण घेऊ. तंबाखूचं गाव. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी इथं पुणे-बेंगळुरू महामार्ग अडवून धरला होता, आणि बिडीच्या तंबाखूवर आजही इथल्या कितीतरी घरांची चूल पेटते. अशा गावात ‘तंबाखू सोड’ म्हणताना जीभ जरा अडखळतेच. असो. तिथल्या एका तरुणाला स्किझोफ्रेनिया या मनोविकारासाठी ओलान्झापिन ही गोळी चालू आहे आणि दिवसाला तीस बिड्या. समुपदेशकानं चिकाटीनं काम केलं, बिडी बंद झाली. आठ-दहा दिवसांत आई तक्रार घेऊन येते : पोरगा दिवसभर झोपतो, उठवलं तर झोकांड्या जातात, ‘बिडी सोडली आणि आळशी झाला बघा.’

आळशी झालेला नाही. बिडी-सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृतातलं एक एन्झाइम जास्त कामाला लावतात, आणि ते एन्झाइम ओलान्झापिन, क्लोझापिनसारखी औषधं भराभर मोडून टाकतं. डॉक्टरनं डोस बसवला तो माणूस धूर ओढत असताना. धूर थांबला की काही दिवसांत एन्झाइम मंदावतं, आणि तीच गोळी अंगात जास्त साठायला लागते. हे काम निकोटिनचं नाही, धुराचं आहे. म्हणजे बिडी सोडून माणूस मावा खायला लागला, किंवा निकोटिनच्या च्युइंग गमवर आला, तरी गोळी जड होणारच. क्लोझापिनच्या बाबतीत तर ही हयगय चालतच नाही.

इथं समुपदेशकानं गोळी अर्धी करायला सांगायची नाही, आणि ‘होईल सवय’ म्हणून सोडूनही द्यायचं नाही. मनोविकारतज्ज्ञाला एक ओळ कळवायची : ‘दिवसाला तीस बिड्या होत्या, पाच तारखेपासून पूर्ण बंद, आता झोप फार येतेय आणि तोल जातोय, डोस बघायला लागेल का?’ खरं तर ही ओळ बिडी सोडायची तारीख ठरते त्याच दिवशी जायला हवी.

चहातल्या गोळीचंही असंच. डायसल्फिराम ही दारू सोडवण्यासाठी देतात ती गोळी. ती घेतलेल्या माणसानं दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. ठरवून, समजून घेणाऱ्या माणसाला ही गोळी उपयोगी पडते. पण मेडिकलमधून कुणीतरी आणून दिलेली गोळी चहात, आमटीत मिसळून नवऱ्याला देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना रागावून काही उपयोग नाही. मार खाऊन खाऊन त्या इथवर आलेल्या असतात. मात्र नवऱ्याला ठाऊकच नसेल तर तो नेहमीसारखी पितो, आणि हृदयाचा त्रास असलेला माणूस जिवाला मुकू शकतो. त्यातून त्याला टीबीची आयसोनियाझिड चालू असेल तर डायसल्फिरामसोबत तोल जाणं, वागणं बिघडणं असे त्रास होऊ शकतात. म्हणजे इथं एकाच पेशंटमागे मनोविकारतज्ज्ञ आणि टीबीचं औषध देणारं केंद्र, दोघांशीही बोलावं लागतं. गावच्या आशाताईंना कुणाची टीबीची गोळी चालू आहे हे पक्कं ठाऊक असतं. पण त्यांना विचारण्याआधी पेशंटची परवानगी हवी.

चिठ्ठी

चांगल्या चिठ्ठीत पहिली ओळ प्रश्नाची असते. बाकी सगळं त्या प्रश्नापुरतं. गवंड्याची गोष्ट पुढे नेऊ. तो वाचला, घरी आला, पण महिन्यानंतरही झोप नाही आणि ‘जगून काय करू’ असं दोनदा बोलला.

‘प्रश्न : दारू बंद होऊन ३२ दिवस झाले. उदासी आणि निद्रानाश कायम आहे. हे दारू सुटल्यानंतरचं आहे की वेगळं नैराश्य? औषधाची गरज वाटते का? जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार दोनदा बोलून दाखवले, ठरवलेला बेत नाही, घरात शेतीचं औषध होतं ते भावाकडे हलवलं आहे. डिलिरियमसाठी गेल्या महिन्यात पाच दिवस भरती, डिस्चार्ज कार्ड सोबत. सध्या चालू गोळ्यांच्या स्ट्रिप सोबत. माझ्याकडे दर गुरुवारी येतात, बायकोही येते. तुमचं मत कळवलंत तर पुढचं बोलणं त्याप्रमाणे करीन.’

यात पेशंटच्या बापाचा स्वभाव नाही, भावाभावांतली वाटणी नाही, आधीच्या डॉक्टरबद्दल शेरा नाही. शेवटची ओळ मात्र चुकवू नये. पेशंट परत आपल्याकडे येणार आहे आणि आपल्याला उत्तर हवंय, हे तिच्यामुळेच समोरच्याला कळतं. जीव देण्याचा ठरवलेला बेत असेल, तर चिठ्ठी लिहीत बसायचं नाही. सोबत माणूस देऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

भाषेचा प्रश्न आमच्याकडे वेगळाच. पेशंट मराठी, डॉक्टर बऱ्याचदा कन्नड, कागद इंग्रजी. मी चिठ्ठी सोप्या इंग्रजीत लिहिते आणि खाली पेशंटसाठी मराठीत दोन ओळी : तुम्हाला कशासाठी पाठवलंय आणि डॉक्टरांना काय सांगायचं. शेजारच्या पोराला दुभाषी म्हणून नेऊ नये. पोरगा चांगला असतो, पण ‘उठत नाही’ किंवा ‘मरावंसं वाटतं’ हे कुणी त्याच्या तोंडून सांगत नाही.

सगळेच नात्यातले

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थितींचाही समावेश आहे. त्याचं कलम २३ पेशंटची माहिती गुप्त ठेवायला सांगतं. उपचारासाठी गरजेचं तेवढं दुसऱ्या आरोग्य व्यावसायिकाला सांगायची मुभा त्यातच आहे, आणि कुणाच्या जिवाला धोका असेल तरही आहे. लहान मुलावर लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर पोक्सो कायद्यानं ती कळवणं बंधनकारकच आहे.

कायद्यानं मुभा असली तरी विचारून सांगावं. ‘तुमच्या झोपेबद्दल मी डॉक्टरांशी बोलणार आहे. बायकोशी झालेल्या भांडणाचं सांगणार नाही. चालेल?’ एवढं विचारलं की पेशंट स्वतःच म्हणतो, ‘ते बी सांगा.’

गोम वेगळीच आहे. आमच्या भागात नाव न घेताही माणूस ओळखू येतो. ‘अमक्या गावचा, पूर्वी तालमीत असलेला, आता दूध डेअरीवर आहे तो’ एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याचा तो मावसभाऊ निघतो. समुपदेशकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केस टाकायची खोड तर सोडलेलीच बरी. वय जवळपासचं सांगा, गाव वगळा, धंदा बदला. प्रश्नाला त्यानं काही बाधा येत नाही. ज्याला विचारतोय तो पेशंटच्या भावकीतला निघाला, तर दुसरा डॉक्टर शोधावा, जरी तो चाळीस किलोमीटरवर असला तरी. आणि कामावरचे साहेब फोन करून ‘येतोय का तो तुमच्याकडे?’ विचारतात, त्यांना हो पण नाही आणि नाही पण नाही.

गांजाच्या केसमध्ये वकिलाशी बोलून ठेवावं. अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ प्रमाणे, सेवनाचा किंवा थोड्या प्रमाणातल्या मालाचा गुन्हा असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, पण उपचार अर्धवट सोडले तर ते जातं. हे बारकावे समुपदेशकानं आपल्या जिवावर समजावू नयेत.

बेळगाव, मिरज, कोल्हापूर, धारवाड

सीमाभागातला पेशंट उपचारासाठी राज्याची हद्द मानत नाही. अथणी-रायबागचा मिरजेला जातो, निपाणीचा कोल्हापूरला, खानापूरचा बेळगावच्या सिव्हिलला किंवा केएलईला, आणि ज्याला परवडतं तो पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात. वाईट यात काही नाही. वाईट हे की प्रत्येक ठिकाणी नवी फाइल होते, आणि झोपेच्या गोळ्या दोन ठिकाणांहून चालू राहतात. मिरजेच्या डॉक्टरला बेळगावचं माहीत नाही, बेळगावच्याला मिरजेचं. दारू सुटून माणूस झोपेच्या गोळीला लागला, हे याच वाटेवर घडतं. शंभर पानी एक वही करा, प्रत्येक ठिकाणी तीच दाखवा, आणि गोळीचं नाव तोंडी सांगण्याऐवजी रिकामी स्ट्रिप वहीत चिकटवा.

धारवाडला मात्र कुणी जायला तयार होत नाही. ‘ह्याला धारवाडला पाठवा’ ही आमच्याकडे अजून थट्टाच आहे. तिथली डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था या भागातल्या अवघड केससाठी मोठा आधार आहे, पण पेशंटला ‘धारवाड’ म्हणताच तो उठून जातो. अशा वेळी सल्ला समुपदेशकानं घ्यावा, पेशंट हलवायची गरज बऱ्याचदा पडतच नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा नमुना आपल्याच राज्यात, कर्नाटकातल्या बळ्ळारीत तयार झाला आणि १९९६ पासून देशभर गेला. त्याचं पथक जिल्ह्यात असतं. राज्य सरकारच्या मनोचैतन्य योजनेत तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मनोविकारतज्ज्ञांची ओपीडी ठेवलेली आहे. निघण्याआधी एक फोन करून खात्री करावी. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास फुकट आहे. एम्सनं केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं होतं. तेव्हा दारात आलेला पेशंट ‘हे माझं काम नव्हे’ म्हणून हातचा घालवणं परवडत नाही.

कधी दोघांचं पटत नाही. डॉक्टर म्हणतात गोळी वर्षभर, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटातला जुना सोबती म्हणतो गोळी म्हणजे दुसरं व्यसन. पेशंट मध्ये सापडतो आणि दोन्हीकडून सुटायला ही सबब पुरते. पेशंटसमोर वाद घालू नये. डॉक्टरला वेगळं गाठून विचारावं, ‘गोळी थांबवायचा विचार कधी करता येईल?’ आणि ते उत्तर सोबत्यालाही कळवावं, अर्थात पेशंटला विचारून. माझं मत गोळीच्या बाबतीत डॉक्टरच्या बाजूचं आहे, आणि रात्री अकराला तलफ आली तर फोन कुणाला करायचा, या बाबतीत सोबत्याच्या.

सल्ल्याचं उत्तर आलं की ते पेशंटच्या वहीत तारखेसह लिहायचं आणि त्याला त्याच्या भाषेत सांगायचं. ‘डॉक्टर म्हणाले, ठीक आहे’ एवढ्यावर भागवायचं नाही. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर फोन करावा. ओपीडी सुटल्यावर, दुपारी दीड-दोनच्या सुमाराला. तेव्हा डॉक्टर जेवायला निघालेले असतात, आणि प्रश्न एका ओळीचा असेल तर उभ्या उभ्या उत्तर देतात.